कानांत सूर, तरी वाटेचे भान

गडचिरोली, आरमोरी, ब्रह्मपुरी किंवा मूलच्या बाजारपेठेत दुकान उघडण्यापूर्वीचा तासच आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांना व्यायामासाठी मिळतो. कोणी स्तवने ऐकत फिरतो, तर कोणी गाण्याच्या तालावर धावतो. नवे हेडफोन घेताना घरात चर्चा होते ती किंमत आणि आवाजाची. या जंगलपट्ट्यात मात्र पहिला प्रश्न वेगळाच असावा: ते लावल्यावर मागून येणारे वाहन ऐकू येते का?

ऑगस्ट २०२५ मध्ये आरमोरी–गडचिरोली मार्गावर काटली गावाजवळ सकाळी व्यायामाला आलेल्या मुलांना ट्रकने धडक दिली आणि चार मुले दगावली. त्या मुलांना बोल लावण्याचा येथे हेतू नाही. पण जेथे रस्ताच मैदान होतो, तेथे कान हे पाठीमागचे डोळे असतात. जंगलालगतच्या वाटेवर तर अधिकच. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झालेल्या ‘सीटी-१’ वाघाने तीन जिल्ह्यांत १३ बळी घेतले होते. वानरांची हाक वा पाचोळ्याची सळसळ हा येथे वेळीच मिळणारा इशारा असतो.

कानाच्या पोकळीत घट्ट बसणारे आणि बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन म्हणूनच व्यायामशाळेपुरते ठेवावेत. बाहेर फिरण्यासाठी कान मोकळा ठेवणारे दोन प्रकार आहेत. एकात छोटे ध्वनिवर्धक कानाच्या तोंडाशी राहतात. दुसऱ्यात कानापुढील हाडातून कंपने थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचतात. संगीताची खोली यांत काहीशी कमी भासते. पण वाटेचे भान राहते. मात्र वाहनांच्या गोंगाटात आवाज चढवत नेला, तर हा लाभही जातो.

दुसरी कसोटी घामाची. खोक्यावर ‘आयपी’ ही खूण पाहावी. ‘आयपीएक्स४’ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. ‘आयपीएक्स७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव. ‘एक्स’च्या जागी ५ किंवा ६ असल्यास धुळीचाही विचार झालेला असतो. ही चाचणी साध्या पाण्याची असते, खारट घामाची नव्हे. त्यामुळे व्यायामानंतर हेडफोन पुसून, वाळवूनच डबीत ठेवावेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते बंद मोटारीत विसरू नयेत; उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

तिसरी बाब कानांच्या आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबलवर ही मर्यादा अवघी चार तास उरते. हाडातून ऐकले तरी भार अंतर्कर्णावरच पडतो. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. हा तोटा कोणत्याही खतावणीत भरून निघत नाही.

आपण माल पारखून घेणारी माणसे आहोत; येथेही पारख करावी. दुकानातच हेडफोन लावून निम्म्या आवाजावर गाणे सुरू करावे, मान हलवून तो घसरत नाही ना हे पाहावे आणि दहा पावलांवरून कोणाला तरी पाठीमागून हाक मारायला सांगावे. हाक ऐकू आली नाही, तर तो नग रस्त्यासाठी नव्हे. आणि अंधार असेल, वाट रानालगतची असेल, तर उत्तम हेडफोनही घरीच ठेवून सोबतीनेच निघावे.