तिजोरी आणि वन : सुधीर मुनगंटीवार यांच्या मंत्रिपदाचे स्वरूप

महाराष्ट्रातील उजव्या, परंपरानिष्ठ राजकारणाचा अभ्यास बहुधा मुंबई-पुण्याच्या अनुषंगाने होतो. चंद्रपूरसारख्या वनप्रधान जिल्ह्यातून आलेला नेता मंत्री झाल्यावर काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुधीर मुनगंटीवार १९९५ मध्ये चंद्रपूरमधून प्रथम विधानसभेवर निवडून आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून ते बल्लारपूरचे प्रतिनिधित्व करीत आहेत. २०१० ते २०१३ या काळात ते भारतीय जनता पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा खरा कस २०१४ ते २०१९ या काळात लागला. कारण वित्त व वन ही दोन्ही खाती एकाच हाती आली. वनखाते निधीअभावी रडते, अशी तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. येथे निधी मागणारा आणि देणारा एकच होता.

याचे फलित म्हणजे वृक्षलागवड मोहीम. १ जुलै २०१६ रोजी २ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी ते अनुक्रमे ४, १३ व ३३ कोटी ठरले. उद्दिष्ट आकड्यात मांडले की यशही आकड्यातच मोजले जाते. रोप लावणे एका दिवसाचे काम, ते जगविणे अनेक उन्हाळ्यांचे. आणि चंद्रपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. सत्तांतरानंतर २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. त्यामागे राजकारण नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु जगलेल्या रोपांचा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरत नाही.

दारूबंदीचा निर्णय अधिक बोलका आहे. डिसेंबर २०१० मध्ये महिलांनी चिमूर ते नागपूर पदयात्रा काढून ही मागणी मांडली होती. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. स्वतःच्याच जिल्ह्यातील महसुलावर पाणी सोडणारा अर्थमंत्री विरळाच! अवैध विक्रीचे कारण देत २०२१ मध्ये नव्या शासनाने ती उठविली.

२०२२ मध्ये ते पुन्हा वनमंत्री झाले, मात्र वित्त खाते या वेळी त्यांच्याकडे नव्हते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरमधून अडीच लाखांहून अधिक मतांनी त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बल्लारपूरने त्यांना पुन्हा विधानसभेत पाठविले. डिसेंबरमध्ये झालेल्या मंत्रिमंडळ विस्तारात मात्र त्यांना स्थान मिळाले नाही.