चौदा हजारांचा प्रश्न

चाकणला तयार होणारी बजाजची डॉमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली आणि आमच्या चिरंजीवांची झोप उडाली. दिल्लीच्या शोरूमचा भाव साधीला १ लाख ३६ हजार, एबीएसवालीला दीड लाख. इंजिन दोहींचे एकच, ३७३ सीसीचे. ताकद ३५ अश्वशक्ती.

"मग वरचे चौदा हजार कशाला, बाबा? तेवढ्यात जाकीट येईल!"

मला मराठीखेरीज काय कळणार? उद्यमनगरातल्या ओळखीच्या मेकॅनिकला गाठले.

"सर, वल्ल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला की चाक जाम हुतंय, गाडी घसरती. ह्यात चाक जाम व्हायला लागलं की यंत्र ब्रेक सैल करून परत आवळतंय. सेकंदात कैकदा! खडीवर मातुर गाडी जरा लांब जाऊन थांबंल."

गगनबावड्याखालचा करूळ घाट, आषाढातले धुके आणि १८२ किलोंची ती गाडी माझ्या डोळ्यांपुढे आली. सौभाग्यवतींनी तर हिशेबच ऐकला नाही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना सरकारने एबीएस सक्तीचे केले. आमच्या घरी तो हुकूम आधीच सुटला होता. जाकिटाचे पैसेही शेवटी मीच दिले.