चक्रीफूल आणि त्याचा विषारी भाऊबंद
बिर्याणीच्या मसाल्यातले चक्रीफूल (इलिसियम व्हेरम) मूळचे दक्षिण चीन-व्हिएतनामचे. त्याला बडीशेपेसारखा वास येतो तो अ‍ॅनेथॉलमुळे. त्याच्याच प्रजातीतले जपानी चक्रीफूल (इलिसियम अ‍ॅनिसेटम) मात्र विषारी आहे. जपानमध्ये त्याची पाने आणि साल धूप म्हणून जाळतात. त्यातील अ‍ॅनिसॅटिन मेंदूला शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’चे काम अडवते, त्यामुळे उलट्या होतात, आकडीही येऊ शकते.

जपानी फळ किंचित लहान असते. पण वाळल्यावर दोन्ही नुसत्या नजरेने ओळखणे कठीण. खात्री प्रयोगशाळेतच होते.

चक्रीफुलाचा चहा पिऊन अमेरिकेत सुमारे ४० जण आजारी पडले; त्यांत सुमारे १५ तान्ही बाळे होती. २००३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तो न पिण्याचा इशारा दिला. बाळाच्या पोटदुखीवर चक्रीफुलाचे पाणी देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.