राक्षस मोठा कसा होतो?

श्रोतेहो,

आजच्या भाषणाचा विषय चित्रांचा आहे, आणि रेडिओवरून चित्रें दाखवितां येत नाहींत. शाळेंत असतों तर फळ्याजवळ जाऊन हातांत खडू घेतला असता. तो उपाय नसल्यामुळें आपणांस एक विनंति करतों. जवळ कागद व पेन्सिल घेऊन बसावें आणि मी सांगेन तीं चित्रें आपणच काढावीं. हात वळणदार असण्याची गरज नाहीं. राक्षस वेडावांकडा झाला तरी त्याची अब्रू जात नाहीं.

कागदाच्या मधोमध एक राक्षस काढा. शिंगें, सुळे, नखें, जें सुचेल तें द्या. आतां सांगा, हा राक्षस केवढा आहे? सांगतां यावयाचें नाहीं. तो उंदराएवढाही असूं शकेल. आतां त्याच्या पायाशीं बोटाच्या पेराएवढी एक बैलगाडी काढा. गाडी काढतांच राक्षस ताडमाड झाला! त्याच्या अंगांत आपण कांहींच भर घातली नाहीं. शेजारीं एक ओळखीची वस्तु ठेवली, इतकेंच. सिनेमांतील सर्व महाकाय प्राण्यांचें मर्म या बैलगाडींत आहे. त्यांचीं रूपें मात्र काळाप्रमाणें बदलत आलीं आहेत, आणि तीं दोन गोष्टींनीं बदलतात : करणाऱ्याच्या हातीं कोणतें साधन आहे, आणि पाहणाऱ्याच्या मनांत कोणतें भय आहे.

माझें गांव रिठद, वाशिम जिल्ह्यांतलें. आमच्याकडून लोणारचें सरोवर फार दूर नाहीं. तेथील विवरांत लवणासुर नांवाचा दैत्य राहत असे. श्रीविष्णूंनीं दैत्यसूदनाचें रूप घेऊन पायाच्या अंगठ्यानें त्या विवराचें झांकण उडविलें आणि आंत दडलेल्या दैत्याचा वध केला, अशी कथा आहे. शास्त्रज्ञ सांगतात कीं, आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें हें विवर झालें; त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. लहानपणीं मी ही कथा आजीच्या तोंडून ऐकली. दैत्याला शिंगें किती, दांत केवढे, हें ती कधींच सांगत नसे. ती म्हणे, "एवढें ज्याचें घर, तो केवढा असेल?" बैलगाडीचा नियम तिला पुस्तकावांचून कळला होता.

कथेंतला दैत्य ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप उभा राहतो. पडद्यावर तो कोणातरी कारागिराला हातानें करावा लागतो. आपल्याकडे हें काम आरंभींच्या काळांत ज्यांनीं केलें ते दादासाहेब फाळके, जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या वेलाचीं ठरावीक अंतरानें एकेक छायाचित्रें घेतलीं आणि तीं सलग दाखविलीं. कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकांनीं क्षणांत पाहिली. पुढें ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत त्यांनीं काड्या अशाच युक्तीनें नाचविल्या. काडी किंचित् हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचें. पुन्हा हलवावयाची, पुन्हा एक चित्र. निर्जीव वस्तूंत जीव ओतण्याची ही युक्ति आपण लक्षांत ठेवूं. ती लवकरच एका मोठ्या वानराच्या कामीं येणार आहे.

आतां दुसरें चित्र काढा : नदींतून वर आलेला सर्प आणि त्याच्या फण्यावर उभें एक मूल. हा फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९ चा. त्याचा बराच भाग सुदैवानें आजही शिल्लक आहे. कृष्णाच्या भूमिकेसाठीं फाळक्यांनीं आपली कन्या मंदाकिनी हिला घेतलें. ती तेव्हां सुमारें सात वर्षांची होती. कृष्ण बाळ, म्हणून भूमिका मुलाची, हें तर उघडच आहे. परंतु त्याचा आणखी एक परिणाम पाहा. त्याच सर्पावर एखादा धिप्पाड नट उभा केला असता तर सर्प लहान वाटला असता. लहानगीच्या पावलांखालीं तो प्रचंड झाला. येथें बैलगाडीची जागा एका मुलीनें घेतली.

तिसऱ्या चित्रासाठीं अमेरिकेस जाऊं. १९३३ सालीं ‘किंग काँग’ हा बोलपट निघाला. गगनचुंबी इमारतीवर चढणारा तो वानर बहुतेक दृश्यांत प्रत्यक्षांत दीड फुटाची बाहुली होता. आंत सांधे असलेला धातूचा सांगाडा, त्यावर रबर व कापूस, आणि वरून सशाची लव. मूर्ति केली मार्सेल डेलगाडो यांनीं. तिला चालविलें विलिस ओब्रायन यांनीं. चालविण्याची रीत वर सांगितलेल्या आगकाड्यांचीच. एका सेकंदाच्या हालचालीस चोवीस चित्रें. प्रत्येक वेळीं बोटें लागून लव थोडी विसकटे, आणि पडद्यावर वानराचे केस रागानें थरथरतात असें वाटे. हाताचा दोष होता, तो गुण ठरला! आणखी एक गंमत अशी कीं, बेटावर काँग अठरा फुटी धरला होता. न्यूयॉर्कमध्यें इमारतींपुढें तो खुजा दिसूं लागला म्हणून चोवीस फुटी धरला. शेजार बदलला, तसा राक्षस वाढवावा लागला.

त्याच सुमारास, १९३४ मध्यें, पुण्याच्या प्रभात कंपनीनें राक्षसावांचून राक्षस दाखविला. व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’मध्यें चंद्रमोहन यांनीं क्रूर राजगुरूची भूमिका केली. दूरचें जवळ आणणाऱ्या भिंगानें त्यांचा एकच डोळा साऱ्या पडद्याएवढा केला गेला. तेथें मापाला शेजारीं कांहींच नव्हतें. माप खुर्चींत बसलेला प्रेक्षक स्वतःच होता.

चौथें चित्र जपानचें. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला आणि त्याची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. हिरोशिमा-नागासाकी होऊन नऊच वर्षें झालीं होतीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. जग त्याला गॉडझिला म्हणतें. त्याची कातडी सुसरीसारखी काढूं नका. भाजलेली जखम भरून यावी तशी ती गांठाळ काढा. कलावंतांचा हेतु तोच होता. बाहुली एकेक चित्रानें चालविण्यास वेळ नव्हता, म्हणून एजी त्सुबुराया यांनीं रबराचा पोशाख करून आंत माणूस घातला. पोशाख सुमारें शंभर किलोंचा; आंत हारुओ नाकाजिमा यांचा जीव गुदमरे. पायाखालीं टोकियोचीं छोटीं घरें मांडलीं होतीं. चित्रीकरण अधिक वेगानें करून पडद्यावर चाल संथ केली, कारण जड वस्तु सावकाश हलते हें आपल्या डोळ्यांस ठाऊक असतें. रेडिओच्या श्रोत्यांना त्याची डरकाळी अधिक आवडेल. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या योजनेनुसार राळ लावलेला चामड्याचा हातमोजा एका मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारेवरून ओढून ती काढली होती.

हा गोजिरा पुढें किती बदलला पाहा. १९५४ मध्यें उंची ५० मीटर. १९६७ मध्यें त्याला पोर झालें; त्या काळांत चेहरा सौम्य व डोळे मोठे झाले, कारण प्रेक्षक मुलें होतीं. भय ओसरलें, तसा राक्षस मित्र झाला. १९८४ मध्यें टोकियोच्या इमारती इतक्या वाढल्या होत्या कीं त्याला ८० मीटर करावें लागलें. २०१६ मध्यें तो ११८.५ मीटर झाला. आणि २०२३ च्या चित्रपटांत तो पुन्हा सुमारें ५० मीटर! कथा महायुद्धानंतरच्या पडझड झालेल्या टोकियोची असल्यामुळें तेवढा पुरेसा होता. हा नवा गोजिरा संगणकानें घडविला, आणि त्या कामास २०२४ मध्यें ऑस्कर मिळालें. साधन नवें, पण माप बैलगाडीचेंच.

आपल्याकडे १९६६ मध्यें ‘गोगोला’ या हिंदी चित्रपटांत असाच एक सागरी प्राणी मुंबईवर चालून आला. परंतु ज्याला आपल्या मातींतला म्हणावें असा राक्षस मला २०१८ च्या ‘तुंबाड’मध्यें दिसला. चित्रपट हिंदी, पण कथा कोंकणांतली आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी. त्यांतला हस्तर डोंगराएवढा नाहीं. त्याच्याजवळ सोनें आहे आणि त्याला अन्नाची भूक आहे. माणसें पिठाची बाहुली पुढें करून त्याचें सोनें चोरतात. अधिक हांव धरून अधिक बाहुल्या नेल्या, कीं हस्तरही तितकेच होतात. येथें राक्षसाचें माप शेजारच्या माणसाच्या लोभानें ठरतें.

शेवटचें चित्र माझ्या एका विद्यार्थ्याचें आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भांत गारपीट झाली आणि उभा गहू आडवा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मीं वर्गाला "राक्षस काढा" असें सांगितलें. मुलांनीं दहा तोंडें काढलीं, शिंगें काढलीं. एका मुलानें कागद वरून खालपर्यंत काळा केला, त्यांत पांढरे दांत सोडले, आणि अगदीं खालच्या कोपऱ्यांत नखाएवढें एक घर काढलें. मीं विचारलें, "याला डोळे कां नाहींत?" तो म्हणाला, "गुरुजी, तें आभाळ आहे. त्याला कुठं दिसतं?" मीं त्या चित्राला गुण दिले नाहींत, कागद परत करण्याचें धैर्यही झालें नाहीं. तो माझ्याजवळ आहे.

श्रोतेहो, घरांतल्या मुलानें राक्षस काढून दाखविला तर त्याचीं शिंगें मोजूं नका. त्याच्या पायाशीं काय काढलें आहे तें आधीं पाहा. मुलाला ज्याची काळजी वाटते, तेंच तेथें लहान होऊन उभें असतें.