परसात चार शेळ्या ठेवायच्या आहेत? आधी गोठ्याचे गणित समजून घ्या

रील्समध्ये दिसणाऱ्या बुटक्या दुधाळ शेळ्या बहुतेक वेळा ‘नायजेरियन ड्वार्फ’ जातीच्या असतात. मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेत घरामागच्या अंगणात पोसल्या जाणाऱ्या या शेळ्यांची उंची जेमतेम २२-२३ इंच. पण घरच्या दुधासाठी त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. मराठवाड्याची उस्मानाबादी, नाशिक-अहिल्यानगर-पुणे पट्ट्यातली संगमनेरी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या जाती इथल्याच हवेत वाढलेल्या आहेत. अडते ते जातीपाशी नाही, गोठ्यापाशी. पावसाळ्यात ओल्या, कोंदट गोठ्यात आधी करडे दगावतात आणि शेळीपालनातला पैसा मुख्यतः करडांतच असतो.

जागा किती लागते?

मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट, करडाला ४ ते ५ चौरस फूट आणि फिरायला याच्या दुप्पट मोकळी जागा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. चार शेळ्या आणि सहा करडे धरली (उस्मानाबादीला जुळी होणे नेहमीचेच) तर ४८ अधिक २४, म्हणजे ७२ चौरस फूट. बारा बाय सहाचा गोठा आणि त्याला लागून बारा बाय बाराचे कुंपण, एवढ्यात भागते. मात्र एकच शेळी आणू नये. कळपातला प्राणी एकटा पडला की दिवसभर ओरडतो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. शहराच्या हद्दीत असाल तर पालिकेचे नियम आधी विचारून घ्यावेत.

सरकारी माप पुरते का?

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून शेळ्यांच्या शेडसाठी तरतूद केली. दहा शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये आणि माप ३.७५ बाय २ मीटर, म्हणजे ७.५ चौरस मीटर. फुटांत मांडले तर साधारण ८०. शेळीमागे आठ चौरस फूट. वरच्या हिशेबापेक्षा हे कमीच आहे. दिवसभर चरायला जाणाऱ्या शेळ्यांना रात्रीपुरते ते चालून जाईल. पण परसातच बांधून पोसायच्या असतील तर या मापात सहा शेळ्यांवर थांबलेले बरे. सध्याचे निकष आणि रक्कम ग्रामपंचायतीत विचारूनच विटा आणाव्यात.

जमीन कशी असावी?

हौसेने गोठा बांधणारे इथेच चुकतात. घरासारखी गुळगुळीत फरशी किंवा कोबा केला की मूत्र मुरत नाही, वर साचून राहते. त्यातून अमोनिया सुटतो. माणूस उभा असतो, त्याला वास फारसा जाणवत नाही. करडू मात्र जमिनीला नाक लावून झोपलेले असते. त्या वायूने श्वासनलिकेला इजा होते आणि ओल, गारठा यांची भर पडली की फुफ्फुसदाह गाठतो. तपासायची रीत सोपी आहे: पहाटे दार उघडल्याबरोबर गोठ्यात उकिडवे बसावे. डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाही किंवा जमीन ओली आहे, असे समजावे.

कमी पावसाच्या भागात चांगला ठोकलेला मुरूम पुरतो. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो फूटभर उंच आणि एका बाजूला थोडा उतरता असावा. रोज लेंड्या झाडाव्यात, आठवड्याला चुना भुरभुरावा आणि मुरूम वास मारू लागला की वरचा थर खरवडून नवा टाकावा. काढलेला थर लेंडीखतात जातो, वाया जात नाही.

कोकणात, घाटमाथ्यावर मुरूम चार महिने वाळतच नाही. तिथे माचाण हवे. जमिनीपासून तीन-चार फुटांवर लाकडी पट्ट्यांचा तळ आणि दोन पट्ट्यांमध्ये साधारण दीड सेंटीमीटर फट ठेवली की लेंड्या आणि मूत्र खाली पडते, शेळी कोरडी राहते. फट याहून मोठी झाली तर पाय अडकून मोडतो. लहान करडांच्या कोपऱ्यात ती आणखी कमी ठेवावी. माचाणावर चढायला उतरती फळी लागते, तीही आडव्या पट्ट्या ठोकून.

भिंती, छत आणि कुंपण

उन्हाळा कडक असलेल्या भागात गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे दुपारचे तिरपे ऊन लांब भिंतीवर येत नाही. भिंत कमरेइतकी आणि वर जाळी. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला गुंडाळता येणारी ताडपत्री लावावी. पूर्ण वीटकाम करून हवा कोंडू नये. पत्रा तापत असेल तर वर उसाचे पाचट टाकावे.

जुन्नर, संगमनेर, नाशिक अशा बिबट्याच्या भागात हिशेब वेगळा आहे. तिथे कमरेएवढी भिंत आणि उघडा वरचा भाग म्हणजे बिबट्याला निमंत्रणच. जाळी मजबूत आणि थेट छतापर्यंत, दाराला बाहेरून कडी आणि पत्र्याखाली फट नाही, एवढे हवेच. हल्ला झालाच तर मेलेली शेळी न हलवता वनविभागाला कळवावे, कारण भरपाई पंचनाम्यावर ठरते.

दिवसाच्या कुंपणाला चार-पाच फूट उंची पुरे. मात्र त्याला लागून लाकडाचा ढीग किंवा ड्रम ठेवला की शेळी त्यावर चढून बाहेर. मोठ्या चौकोनांच्या जाळीत शिंगे अडकतात, म्हणून बारीक चौकोनांची घ्यावी.

गव्हाण जमिनीवर नको. शेळी तुडवलेला, लेंड्या पडलेला चारा तोंडात घेत नाही. एक-दीड फूट उंच गव्हाण आणि पाला दोरीने टांगलेला, ही जुनी पद्धतच बरी. चार शेळ्यांसाठी बोकड पाळायची गरज नाही. जागा जाते आणि त्याचा उग्र दर्प दुधाला लागतो. शेळी माजावर आली की गावातल्या चांगल्या बोकडाकडे न्यावी.

बाजारातून आणलेली शेळी थेट या गोठ्यात सोडू नये. तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळी बांधावी. त्या काळात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जंतनाशक आणि पीपीआरच्या लसीचे विचारून घ्यावे. आंत्रविषाराची लस मात्र पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच टोचून घेतलेली असावी.