कलम ६६अ गेले, बालकांचे कवच कायम

नोव्हेंबर २०१२. मुंबई बंदवर नापसंती व्यक्त करणारी फेसबुक पोस्ट लिहिणारी एक आणि ती ‘लाइक’ करणारी दुसरी, अशा दोन तरुणींना पालघरमध्ये अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ नुसार ‘त्रासदायक’ मजकुरालाही तीन वर्षांपर्यंत कैद होती.

श्रेया सिंघल आणि इतरांच्या याचिकांवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. चर्चा आणि समर्थन कितीही अप्रिय वाटो, त्यांना मुभाच. निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी येतो, हा त्या निकालाचा गाभा.

कलम ६६अ गेले तरी याच कायद्यात शिल्लक असलेले संरक्षण:

• कलम ६७ब: बालकांचे लैंगिक चित्रण, पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद.

• कलम ६६ई: संमतीविना गुप्तांगांचे चित्रण, तीन वर्षांपर्यंत कैद.

बालकांचे असे चित्रण दिसल्यास पुढे पाठवू नका. १०९८ या बाल हेल्पलाइनवर लगेच कळवा.