एका कंपनीचा फोन दुसरीकडे कसा जातो?

०७१८२ फिरवले की यंत्राला गोंदिया कळते. मोबाइलचेही आरंभीचे अंक पूर्वी कंपनी सांगत. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि ती खूण पुसली.

आता विडी वळणारी बाई तिरोड्याहून मुलाला फोन लावते, तेव्हा तिची कंपनी प्रथम नोंदीत पाहते, की हा क्रमांक आज कोणाकडे आहे. मग दोन जाळ्यांच्या सांध्यावर ते बोलणे दुसऱ्या कंपनीच्या हवाली होते. सांध्यावरच्या वाटा मोजक्या असतात. त्या वाढवून द्यायला समोरच्या कंपनीने टाळाटाळ केली, की "या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत" ऐकू येते. बाई मात्र मुलावरच रागावते. याच कारणावरून २०१६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तीन बड्या कंपन्यांना दंड करण्याची शिफारस केली होती.